पिकअपच्या हौद्यात बारा व्होल्ट नेताना

डेन्व्हरहून निघून युटामधल्या मोआबला पोचायला आम्हाला सहा तास लागले होते. सहा तास इंजिन चालू, म्हणजे हौद्यावरच्या कॅम्पर टॉपमधली (हौद्यावर बसवलेलं बंद छप्पर, त्यालाच टॉपर म्हणतात) बॅटरी काठोकाठ भरली असणार, असं मी धरून चाललो होतो. पहाटे चारला जाग आली तेव्हा फ्रिजवरचा लाल दिवा लुकलुकत होता आणि आतलं दूध कोमट झालं होतं. बॅटरी नवी, फ्रिज नवा, फ्यूज शाबूत. ट्रककडून येणाऱ्या वायरच्या टोकाला मीटर लावला तर १२.७ व्होल्ट. मीटरच्या मते सगळं ठीक होतं आणि तरी बॅटरीत काहीच पोचलं नव्हतं.

कारण घरी आल्यावर सापडलं. परतीची वायर, म्हणजे निगेटिव्ह, मी हौद्याच्या एका बोल्टला आवळली होती आणि त्या बोल्टखाली कारखान्यातला रंग तसाच होता. जाणाऱ्या वायरवर मी पैसे आणि दोन शनिवार घातले होते, येणाऱ्या वायरला पाच मिनिटं दिली होती. अमेरिकेत किंवा कॅनडात पहिल्यांदा पिकअप घेऊन त्यावर टॉपर बसवणारे किंवा मागे छोटा ट्रेलर जोडणारे बरेच मराठी मित्र मला हेच काम विचारतात, म्हणून पायरीपायरीने सगळं लिहितो आहे. मोटारीच्या वायरिंगला कधी हात लावला नसेल तरी चालेल. एक चांगला मल्टिमीटर आणि घाई न करण्याची तयारी हवी.

आधी वही घ्या

खरेदीच्या आधी रोजचा खर्च मांडा, विजेचा. ४०-४५ लिटरचा कॉम्प्रेसरवाला १२ व्होल्टचा फ्रिज चालू असताना ४ ते ५ अँप घेतो, पण तो सतत चालत नाही. साधारण हवेत सरासरी दीड अँप धरली तर चोवीस तासांत ३६ एएच (अँप-अवर, म्हणजे अँप गुणिले तास). एलईडी दिवे संध्याकाळचे चार तास, १ अँपने ४ एएच. छताचा पंखा रात्रभर, दीड अँपने आठ तास, १२ एएच. दोन फोन आणि कॅमेऱ्याला ५ धरा. बेरीज ५७, म्हणजे ६० एएच म्हणू. इन्व्हर्टरच्या बॅटरीमुळे ‘एएच’ हा शब्द आपल्याकडे घरोघरी माहीत आहे, इथेही माप तेच.

एजीएम (सीलबंद लेड-अॅसिड) बॅटरी निम्म्यापेक्षा खाली उतरवू नये, नाहीतर तिचं आयुष्य झपाट्याने घटतं. म्हणजे १०० एएचच्या एजीएममधून हाती लागतात ५०. लिथियम आयर्न फॉस्फेटची १०० एएचची बॅटरी ८०-९० पर्यंत देते, वजनालाही निम्म्याहून हलकी असते. वरच्या हिशेबाला १०० एएचची एक लिथियम पुरते. मात्र लिथियमला शून्य अंश सेल्सिअसच्या खाली चार्ज करायचं नसतं, त्याने सेल कायमचे खराब होतात. कोलोरॅडो, मिनेसोटा किंवा कॅनडात राहत असाल तर थंडीत चार्जिंग आपोआप तोडणारी बॅटरी घ्या, आणि ती सोय आहे हे खोक्यावर वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

मिक्सर किंवा इंडक्शनसाठी मोठा इन्व्हर्टर लावायचा मोह होतो. १००० वॉटच्या इन्व्हर्टरला १२ व्होल्टच्या बाजूने ९० ते १०० अँप लागतात, म्हणजे त्याची वायर, फ्यूज, बॅटरी सगळंच वेगळ्या मापाचं होतं. पहिल्या वर्षी तो विषय सोडा. पोहे गॅसच्या शेगडीवर उत्तम होतात.

सात पिनांच्या सॉकेटवर किती भिस्त ठेवायची

बंपरखाली जे गोल सात पिनांचं सॉकेट असतं, त्यातली एक पिन १२ व्होल्टची असते. ती पाहून प्रत्येक नवशिक्याला वाटतं की काम झालंच. बहुतेक ट्रकमध्ये त्या पिनेला ३० अँपचा फ्यूज असतो, पण वायर बारीक असते आणि इंजिनपासून मागच्या बंपरपर्यंत लांबच लांब येते. काही ट्रकमध्ये कारखान्यातून निघताना त्या लाइनचा फ्यूज किंवा रिले (विजेवर आपोआप जोडणारा-तोडणारा स्विच) बसवलेलाच नसतो. ओनर्स मॅन्युअलमध्ये फ्यूजच्या पानावर ‘ट्रेलर’ शोधा आणि डबा उघडून डोळ्यांनी खात्री करा.

ट्रेलरचे दिवे, ब्रेक आणि ट्रेलरची बॅटरी थोडीफार टिकवून धरायला ही पिन पुरते. रिकामी झालेली लिथियम बॅटरी भरायला पुरत नाही.

रंगांबद्दल आपल्या लोकांना खास सांगायला हवं. आपल्या घरच्या जुन्या वायरिंगमध्ये लाल म्हणजे फेज, काळी म्हणजे न्यूट्रल, हिरवी म्हणजे अर्थ, हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. इथल्या ट्रेलरच्या केबलमध्ये बहुधा काळी वायर म्हणजे जिवंत १२ व्होल्ट, पांढरी म्हणजे अर्थ, निळी म्हणजे इलेक्ट्रिक ब्रेक. हिरवी तर एखाद्या दिव्याची असते. त्यात रंगांच्या दोन पद्धती चालतात, आणि ट्रेलरच्या आधीच्या मालकाने हाताला येईल ती वायर लावलेली असू शकते. रंग पाहून काहीही जोडू नका. सॉकेटच्या प्रत्येक पिनेवर मीटर ठेवा, आतल्या माणसाला एकेक इंडिकेटर, ब्रेक, रिव्हर्स लावायला सांगा आणि वहीत लिहून घ्या. मधली पिन बहुधा रिव्हर्सच्या दिव्याची निघेल.

वायर किती जाड

हा भाग सावकाश वाचा. घरी २३० व्होल्टमध्ये एखादा व्होल्ट वाटेत गळाला तर कळतही नाही. १२ व्होल्टमध्ये तोच एक व्होल्ट म्हणजे आठ टक्क्यांहून जास्त, आणि बॅटरीचं चार्जिंग तर सगळं त्या शेवटच्या एका व्होल्टातच चालतं.

चार दरवाजांच्या पिकअपमध्ये पुढच्या बॅटरीपासून हौद्याच्या पुढच्या कोपऱ्यापर्यंत, फ्रेमच्या वळणांसकट, साधारण ६ मीटर वायर लागते. वीज जाते तशी परतही येते, म्हणून हिशेब १२ मीटरचा. इथे वायरचं माप गेजमध्ये असतं आणि आकडा जितका मोठा तितकी वायर बारीक. आपण घरी अडीचची, चारची वायर म्हणतो ते स्क्वेअर मिलिमीटर असतात. त्या मापात १० गेज म्हणजे साधारण सव्वापाच, आणि ४ गेज म्हणजे २१.

१० गेजच्या १२ मीटर वायरचा रोध ०.०४ ओहम भरतो. त्यातून ३० अँप नेले की १.२ व्होल्ट वाटेतच गेले. अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून वीज बनवणारं यंत्र, १४ देत असेल तर मागे १२.८ पोचतात. ४ गेजमध्ये त्याच ३० अँपला घट ०.३ व्होल्ट. किमतीतला फरक वाचवावा असं दुकानात उभं असताना वाटतं, पण वाचवू नका.

स्वस्त वायर घेतानाही सावध राहा. ऑनलाइन मिळणारी बरीच जाड वायर अ‍ॅल्युमिनिअमवर तांब्याचा मुलामा दिलेली असते. ती वीज कमी नेते, वाकवली की तुटते आणि थिंबलमध्ये, म्हणजे वायरच्या टोकाला चेपून बसवायच्या धातूच्या तुकड्यात, ढिली पडते. एक तार कापून टोकाकडे बघा. बाहेरून तांबडी आणि आतून पांढरी दिसली तर परत पाठवा. वेल्डिंगची शुद्ध तांब्याची केबल लवचिक असते, या कामाला चांगली.

फ्यूज आणि वायर ओढणं

फ्यूज उपकरणासाठी नसतो, वायर पेटू नये म्हणून असतो. त्यामुळे तो विजेच्या उगमाजवळ हवा. बोटींच्या वायरिंगमध्ये बॅटरीपासून सात इंचांच्या आत फ्यूज असावा असा नियम आहे, मी ट्रकमध्येही तोच पाळतो. आणि उगम दोन आहेत हे विसरू नका. पुढे ट्रकची बॅटरी आणि मागे तुमची. म्हणून एकाच लांब वायरच्या दोन्ही टोकांना फ्यूज लागतो. मधेच वायर चिरडली तर दोन्ही बॅटऱ्या तिच्यात वीज ओततात. लिथियमच्या टोकाला साधा पात्यांचा फ्यूज चालत नाही, कारण शॉर्ट झाल्यावर ती बॅटरी क्षणात हजारो अँप देऊ शकते. तिथे क्लास टी (इतके अँप सुरक्षितपणे तोडणारा फ्यूज) किंवा बॅटरीच्या खांबावरच बसणारा मरीन फ्यूज लावा.

कामाला लागण्याआधी ट्रकच्या बॅटरीची निगेटिव्ह काढून ठेवा. वायर फ्रेमच्या आतल्या अंगाने, कारखान्याच्या हारनेसला (वायरांच्या जुडग्याला) लागून न्या. सायलेन्सरचा पाइप कोणत्या बाजूने जातो ते आधी खाली वाकून बघा आणि दुसरी बाजू निवडा. ब्रेकच्या किंवा इंधनाच्या नळीला वायर बांधायची नाही, कितीही सोयीचं दिसलं तरी. सगळीकडे चिरलेली प्लास्टिकची नळी चढवा आणि दर फूट-दीड फुटावर टाय बांधा. पत्र्यातून वायर जाते तिथे रबरी ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या कडेला बसवायची कडी, हवाच. हौद्याच्या पुढच्या भिंतीत बहुधा रबरी बुचं असलेली तयार भोकं असतात, ती वापरा. भोक पाडायचीच वेळ आली तर ड्रिल हातात घेण्याआधी ट्रकखाली जाऊन पाहा, कारण हौद्याच्या खाली इंधनाची टाकी असते.

थिंबल पकडीने चेपू नका, हायड्रॉलिक क्रिंपर भाड्याने किंवा मित्राकडून आणा. चेपल्यावर थिंबल घट्ट धरून वायर जोरात ओढायची. हलली तर कापा आणि नवीन लावा. वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केली की आवळणारी नळी) चढवा, इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते पाण्याबरोबर थेट तांब्यापर्यंत पोचतं.

टॉपर कधीतरी उतरवावा लागणार. म्हणून हौद्याच्या कोपऱ्यात तुमच्या वायरला आणि फ्यूजला झेपेल असा अँडरसनचा, प्लगसारखा काढता-जोडता येणारा कनेक्टर लावा आणि टॉपरच्या बाजूला थोडी वायर सैल ठेवा.

परतीचा रस्ता

आता माझ्या कोमट दुधाकडे येतो. मोटारीत निगेटिव्हला वेगळी वायर न लावता बॉडीला अर्थ देतात, हे आपल्याकडच्या गॅरेजमध्येही सगळे करतात. पिकअपच्या मागच्या भागात मात्र ही सवय दगा देते. फायबरग्लासचा टॉपर वीज वाहून नेत नाही, त्याच्या कुठल्याही स्क्रूला अर्थ मिळणार नाही. टोयोटा टकोमाचा हौदा २००५ पासून पत्र्याचा नाही, कॉम्पोझिटचा आहे. फोर्ड एफ-१५० ची बॉडी आणि हौदा २०१५ पासून अ‍ॅल्युमिनिअमचे आहेत. तिथे तांब्याचं उघडं थिंबल लावलं आणि ओलावा मिळाला की जोड गंजतो. आणि ज्यांचा हौदा लोखंडी आहे, त्यांच्या बोल्टखाली रंग असतो.

म्हणून निगेटिव्हसाठीही तितक्याच जाडीची दुसरी वायर पुढपर्यंत न्या. मी हौद्याजवळ फ्रेमलाही एक जोड देतो, दोन वाटा असलेल्या बऱ्या. फ्रेमवरची जागा चकाकेपर्यंत घासायची, कलई केलेलं थिंबल, दातेरी वॉशर, बोल्ट आवळून वरून रंगाचा फवारा. फवारा आवळल्यावर मारायचा, आधी नाही.

पुढच्या टोकाला एक बारकावा आहे. अलीकडच्या ट्रकमध्ये बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर एक छोटा सेन्सर बसवलेला असतो, तो बॅटरीत किती वीज येते-जाते ते मोजून कॉम्प्युटरला कळवतो. तुमची परतीची वायर थेट खांबाला लावली तर ती वीज सेन्सरला चुकवून जाते, ट्रकचा हिशेब चुकतो आणि अल्टरनेटर भलतंच वागू लागतो. वायर बॉडीच्या किंवा इंजिनजवळच्या कारखान्याच्या अर्थ बोल्टला लावा.

चार्जर की रिले

जुन्या ट्रकमध्ये दोन बॅटऱ्यांच्या मध्ये एक रिले पुरत असे. व्होल्टेज १३.३ च्या वर गेलं की जोडायचं, १२.८ च्या खाली आलं की तोडायचं. नव्या ट्रकमध्ये इंधन वाचवण्यासाठी कॉम्प्युटर अल्टरनेटरचं व्होल्टेज खालीवर करत राहतो, त्यामुळे रिले गोंधळतो. शिवाय रिकामी लिथियम बॅटरी थेट जोडली तर ती वाट्टेल तितके अँप ओढते. माझा सल्ला स्पष्ट आहे. ट्रक गेल्या दहा वर्षांतला असेल किंवा बॅटरी लिथियम असेल तर डीसी-टू-डीसी चार्जरच घ्या. तो येणारं व्होल्टेज कमी-जास्त असलं तरी बॅटरीला हवं तेवढंच देतो आणि अँपवर मर्यादा ठेवतो.

३० अँपचा चार्जर दोन तास चालला की आपला दिवसाचा ६० एएचचा खर्च भरून निघतो. चार्जर मागे, बॅटरीच्या जवळ बसवा, मोकळ्या हवेत, कारण तो तापतो. लक्षात घ्या की ३० अँप बाहेर द्यायला तो आत ३० नव्हे तर ३५ ते ४० अँप घेतो, आणि येणारं व्होल्टेज जितकं कमी तितके जास्त अँप ओढतो. म्हणून ४ गेजची वायर आणि ६० अँपचा फ्यूज. चार्जरच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर पुस्तिकेचं ऐका.

इंजिन चालू आहे हे चार्जरला सांगायला एक बारीक सिग्नल वायर लागते. ती केबिनमधून ओढण्याआधी सात पिनांचं सॉकेट तपासा. तुमच्या ट्रकमध्ये १२ व्होल्टची पिन चावी लावल्यावरच जिवंत होत असेल, तर सिग्नल तिथूनच घ्या. अर्धा दिवस वाचतो. चावी काढल्यावरही, काही मिनिटं थांबून, ती पिन जिवंतच राहत असेल तर हा मार्ग बंद.

नवी वायर ओढायचीच नसेल आणि सात पिनांवरच चार्जर चालवायचा असेल तर १५-१८ अँपच्या वर जाऊ नका.

टॉपरचे दिवे

टॉपरमुळे केबिनच्या मागचा तिसरा ब्रेक लाइट झाकला जातो. अमेरिकेत १९९४ च्या मॉडेलपासून पिकअपला तो सक्तीचा आहे, म्हणून टॉपरला स्वतःचा असतो आणि तो जोडावाच लागतो. नवशिके त्याची वायर टेललाइटवरून घेतात. अमेरिकन पिकअपमध्ये ब्रेक आणि इंडिकेटर बऱ्याचदा एकाच लाल दिव्यात असतात, त्यामुळे वळताना तिसरा ब्रेक लाइटही लुकलुकायला लागतो आणि मागचा माणूस गोंधळतो. वायर केबिनच्या तिसऱ्या ब्रेक लाइटच्या प्लगमधूनच घ्या, त्यासाठी मधे बसणारे तयार टी-हारनेस मिळतात. वायरला चिमटा काढणारे निळे प्लास्टिकचे कनेक्टर वापरू नका, दोन हिवाळ्यांत आतून हिरवे पडतात. आतला दिवा मात्र मागच्या बॅटरीवर घ्या, ट्रकच्या नको.

मीटर, पण भार टाकून

फ्यूज सगळ्यात शेवटी बसवायचे. त्याआधी प्लस-मायनस उलट नाहीत ना ते एकदा तुम्ही आणि एकदा दुसऱ्या कुणीतरी तपासा.

मग इंजिन सुरू करा, मागची बॅटरी थोडी उतरलेली असू द्या, चार्जर पूर्ण ताकदीने चालू दे. मोआबला मी जो १२.७ चा आकडा पाहिला तो वायरमधून काहीच वाहत नसतानाचा होता. नळाला बोट लावून दाब बघावा तसा. वाहतं पाणी किती, ते त्यातून कळत नाही. भार असताना पुढच्या बॅटरीवरचं आणि चार्जरच्या तोंडाशी असलेलं व्होल्टेज मोजा आणि वजाबाकी करा.

वजाबाकी जास्त आली तर दोष जाणाऱ्या वायरमध्ये की येणाऱ्या, ते असं शोधा. सातेक मीटरची एक साधी बारीक वायर घ्या, मीटरच्या एका टोकाला जोडून ते टोक लांब करा. मीटरचं एक टोक पुढच्या बॅटरीच्या प्लसवर, दुसरं चार्जरच्या प्लसवर. जो आकडा येईल तेवढंच व्होल्टेज त्या बाजूने हरवलं. मग तसंच मायनस ते मायनस. ४ गेजच्या वायरला प्रत्येक बाजूला ०.२ ते ०.२५ व्होल्ट ठीक. ०.४ च्या वर गेलं तर एकेका जोडाच्या अलीकडे-पलीकडे मीटर ठेवत पुढे सरका. माझ्याकडे प्लसच्या बाजूला ०.२ आलं. मायनसला चार्जर सुरू झाला की आकडा उसळी मारून दोनच्या वर जायचा, चार्जर बंद पडायचा, आकडा शून्यावर यायचा, चार्जर पुन्हा सुरू व्हायचा. सहा तासांच्या प्रवासात तो हाच खेळ करत बसला होता. बोल्ट काढला, खालचा रंग सँडपेपरने घासला, पुन्हा आवळला. ०.३. त्याच दिवशी परतीच्या वायरची ऑर्डर टाकली.

अर्धा तास चालल्यावर इंजिन बंद करून प्रत्येक जोडाला हात लावून बघा. कोमट चालेल. हात ठेववत नसेल तर तो जोड उघडून परत करा.

ट्रेलर असेल तर

इलेक्ट्रिक ब्रेकच्या ट्रेलरला एक ब्रेकअवे स्विच असतो. ट्रेलर हुकपासून सुटला तर त्याची दोरी खेचली जाते आणि ट्रेलरच्या स्वतःच्या बॅटरीवर ब्रेक लागतात. मागून येणाऱ्यांचा जीव त्या बॅटरीवर असतो, म्हणून या स्विचची वायर बॅटरी बंद करणाऱ्या मुख्य स्विचच्या आधी, थेट बॅटरीवरून हवी. तपासताना सात पिनांचा प्लग ट्रकमधून काढा, नाहीतर उलट वीज ट्रकच्या ब्रेक कंट्रोलरमध्ये, म्हणजे केबिनमधून ट्रेलरचे ब्रेक चालवणाऱ्या डब्यात, शिरू शकते. मग पिन ओढा, ट्रेलर हाताने ढकलून बघा, चाकं हलता कामा नयेत. लगेच पिन परत घाला. हे मी प्रत्येक प्रवासाच्या सकाळी करतो.

१२० व्होल्टचं काम, म्हणजे कॅम्पग्राउंडच्या खांबावरून वीज घेणं, परवाना असलेल्या इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या.

पहिल्या ३००-४०० मैलांनंतर सगळे बोल्ट पुन्हा आवळा, नवी थिंबलं थोडी बसतात. आणि कुठली वायर कुठून कुठे जाते, कुठला फ्यूज किती अँपचा, याचा हाताने काढलेला नकाशा लॅमिनेट करून टॉपरच्या झाकणाच्या आत चिकटवा. माझ्या नकाशाशेजारी एका पिशवीत प्रत्येक मापाचे दोन-दोन फ्यूज, चार थिंबलं आणि सँडपेपरचा एक तुकडा टाचलेला आहे.